बेडूकमिस्त्रीचा उजवा गुडघा

कामावर त्याला सगळे बेडूक म्हणायचे, आणि त्याला त्याचा राग नव्हता. बाकीचे मिस्त्री फरशी बसवताना दर थोड्या वेळानं कंबर धरून उठायचे, आळोखेपिळोखे द्यायचे, पाणी प्यायच्या निमित्तानं एक चक्कर मारून यायचे. हा एकदा उकिडवा बसला की समोरच्या भिंतीपासून दारापर्यंत तसाच मागे मागे सरकत यायचा. सिमेंट-वाळूचा माल पसरायचा, फरशी टेकवायची, रबरी हातोडीनं ठोकायची, आवाज पोकळ येतोय का भरीव ते कान देऊन ऐकायचं, आणि टुणकन एक उडी मागे. दारात पोचला की उठून उभा राहायचा. नव्या माणसाला तेव्हा कुठे कळायचं की हा एवढा उंच आहे.

"या धंद्यात अक्कल गुडघ्यातच असावी लागते," तो म्हणायचा. "डोक्यात असली की माणूस दुसरं काहीतरी करतो."

त्याच्या हाताखाली त्याचा धाकटा भाऊ होता. माल कालवायचा, फरशा वर चढवायचा, मशीनवर तुकडे कापून द्यायचा, आणि बघत बघत स्वतःही बसवायला शिकत होता. बायको कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणाच्या मशीनवर बसायची. शाळेत जाणारी एक मुलगी होती. घर दोन खोल्यांचं, आणि त्या घराची जमीन म्हणजे एक गंमतच होती. वेगवेगळ्या कामांवरून उरलेल्या फरशांची, शेजारीशेजारी दोन सारख्या म्हणून नाहीत. पाहुणे हसायचे. तोही हसायचा आणि म्हणायचा, "रंगावर जाऊ नका, हात फिरवून बघा." हात फिरवला तर कुठे सांधा लागायचा नाही.

ते काम एका नव्या इमारतीच्या गच्चीचं होतं. गच्चीला उतार द्यावा लागतो, म्हणजे पाणी एका कोपऱ्याकडे जातं. हा उतार नीट पडतोय का हे बघायला ओल्या मालावर ॲल्युमिनियमची लांब पट्टी आडवी धरतात. कठड्यापलीकडून विजेच्या तारा गेल्या होत्या. त्या सगळ्यांना दिसत होत्या. सकाळी आल्या आल्या त्यानंच भावाला बजावलं होतं, "या बाजूला काही उंच धरायचं नाही बरं का." दुपारच्या जेवणानंतर तो कठड्याजवळच्या कोपऱ्यात पोचला. डावं पाऊल टेकलेलं, उजवा गुडघा ओल्या मालात रुतलेला. पट्टीचं तोंड फिरवायचं होतं. बसलेलोच आहोत, एवढ्यानं काय पोचतेय, असं त्याला वाटलं असावं. त्यानं बसल्या बसल्या पट्टी उभी केली.

भाऊ जिन्यात होता, हातात मालाची बादली. पत्र्यावर दगड पडावा तसा आवाज आला. तो धावत वर गेला तर दादा पाठीवर पडलेला, डोळे उघडे, आणि उजव्या गुडघ्याजवळ पँटला भोक. त्या भोकातून धूर येत होता.

जळालेल्यांच्या वॉर्डातले मोठे डॉक्टर कमी बोलणारे होते. त्यांनी बायकोला आणि भावाला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि स्वतःही शेजारी बसले.

"वीज हातातून आत गेली आणि गुडघ्यातून बाहेर पडली," ते म्हणाले. "आत शिरताना ती चोरासारखी शिरते. बाहेर पडताना दार तोडून जाते."

हाताच्या तळव्यात नाण्याएवढा काळा डाग होता, बस्स. दोन बोटं पुढे कायमची आखडली, पण हात वाचला. गुडघ्याचं तसं नव्हतं. बाहेरच्या बाजूचं मांस शिजून निघालं होतं आणि हाड दिसत होतं. वरून जेवढं दिसतंय त्यापेक्षा आत जास्त मेलंय, आणि ते उद्या, परवा आणखी मरत जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"माझं म्हणाल तर पाय मांडीतून काढावा. वाट बघितली तर जिवावर बेतू शकतं. पण घरच्यांनी ठरवायचं आहे. ते शुद्धीवर नाहीत."

भावानं वहिनीकडे बघितलं. "वहिनी, तुम्ही सांगाल तसं."

"पाय ठेवा," ती म्हणाली.

"थोडा विचार करा."

"केला."

तिनं काहीच विचार केला नव्हता. तिच्या डोळ्यांसमोर फक्त एक गोष्ट होती: तो उकिडवा बसलाय आणि मागे सरकतोय. डॉक्टर उठून गेल्यावर ती दिराला म्हणाली, "भावजी, हे त्यांना सांगायचं नाही. कापायचं विचारलं होतं हे. कधीच नाही." त्यानं मान डोलावली.

मग सुरू झालं ते किती आठवडे चाललं याचा हिशेब तिनं पुढे ठेवलाच नाही. एक दिवस आड त्याला आत न्यायचे, मेलेलं मांस काढायचे, धुवायचे, बाहेर आणायचे. ताप चढायचा, उतरायचा. मूत्रपिंडं थकली, पुन्हा चालू झाली. शेवटी पोटरीचा एक स्नायू उचलून, वळवून गुडघ्याच्या उघड्या हाडावर पांघरला आणि त्यावर मांडीची कातडी लावली. ती धरली. सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरांनी पट्टी सोडली, बोटानं दाबून बघितलं, दाबलेली जागा पांढरी होऊन पुन्हा लाल झाली. पहिल्यांदाच ते हसले. भेटायला येणारे म्हणू लागले, "जिवावरचं पायावर निभावलं." ती "हो ना" म्हणायची. आपण बरोबर होतो असं तिला तेव्हा वाटलं, आणि ते वाटणं तिनं घट्ट धरून ठेवलं.

घरी आला तेव्हा पाय होता, पण गुडघा नव्हता म्हटलं तरी चाललं असतं. मांडी सरळ राहायची आणि नडगी आतल्या बाजूला जायची. एक बिजागरी तुटलेलं दार कसं लोंबतं, तशी. पायावर भार दिला की गुडघा फाकायचा आणि तो भिंत धरायचा. मुलीनं पहिल्यांदा ते बघितलं आणि तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली. त्यानंतर मात्र ती धीट झाली. बाबा उठला की ती त्याच्या उजव्या बाजूला येऊन उभी राहायची.

जखमा पूर्ण भरल्यावर त्यांना हाडांच्या डॉक्टरकडे पाठवलं. या डॉक्टर बाई होत्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी दोघांना समोर बसवून कागदावर चित्र काढलं.

"हाडाला हाड बांधून ठेवणारे पट्टे असतात, लिगामेंट म्हणतात. तुमचा बाहेरचा पट्टा जळून गेलाय, आतले मधले दोन निकामी झालेत. म्हणून गुडघा असा सैल पडलाय. आपण नवे पट्टे बसवू शकतो. हाडात भोकं पाडायची, त्यातून दोरी ओवायची, दोन्हीकडे स्क्रूनं आवळायची."

"दोरी कसली?" त्यानं विचारलं.

"तुमचीच. डाव्या मांडीच्या मागून काढायची. उजव्याच्या आसपास आता काही उरलेलं नाही."

तो आपल्या डाव्या पायाकडे बघत राहिला. "म्हणजे चांगल्याला उसवून फाटक्याला ठिगळ."

बाई हसल्या नाहीत. "तसंच आहे. डावा थोडा कमजोर होईल, बहुतेकांना फार जाणवत नाही. पण तुमच्याकडे धोका वेगळा आहे. वरची कातडी लावलेली आहे, खालचं रक्त कमी आहे. जंतू शिरले तर सगळं काढून टाकावं लागेल. मग गुडघा सरळ ठेवून हाडं कायमची जोडून टाकायची, एवढाच रस्ता उरेल. घाई करू नका. घरी जाऊन बोला."

ते बाहेर आले. कॉरिडॉरमध्ये गर्दी होती, कोणाच्या तरी प्लास्टरवर कोणी सह्या करत होतं. तो बाकावर टेकला आणि म्हणाला, "तू आत जा परत. विचारून ये."

"काय?"

"मला परत बसता येईल का. उकिडवं. गुडघ्यावर." मग हळू आवाजात म्हणाला, "मला विचारवत नाही."

ती आत गेली. बाई दुसऱ्या कोणाचा तरी एक्स-रेचा फोटो उजेडाकडे धरून बघत होत्या. तिनं विचारलं. बाईंनी फोटो खाली ठेवला.

"नाही. सगळं उत्तम झालं तरी खुर्चीत बसण्याएवढा वाकेल. उभे राहतील, चालतील, जिना चढतील. गुडघ्यावर भार देऊन काम, उकिडवं बसणं, ते गेलं. त्यांना सांगाल ना? का मी सांगू?"

"मी सांगते," ती म्हणाली.

बाकापर्यंतची वाट लहानशी होती. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हता, आपल्या हातांकडे बघत होता, शिक्षा ऐकायला उभं केलेल्या माणसासारखा. रुग्णालयात गेल्यापासून तो कशाचीच वाट बघत नव्हता. आज पहिल्यांदा बघत होता.

"काय म्हणाल्या?"

"वेळ लागेल म्हणाल्या."

त्यानं श्वास सोडला. "लागू दे. वेळेला काय कमी आहे."

ऑपरेशन झालं. दिवसभर चाललं. दोन्ही पायांना पट्ट्या, उजव्याच्या बाजूंनी बाहेरून लोखंडी सळ्या. शुद्धीवर आल्यावर तो पहिल्यांदा म्हणाला, "डावा दुखतोय जास्त," आणि हसला. सळ्या निघाल्या तेव्हा गुडघा खरोखरच जागेवर होता. बाईंनी नडगी हातात धरून डावीकडे ढकलली, उजवीकडे ढकलली, हलली नाही. "बघा," त्या म्हणाल्या, "घट्ट." त्यानंही आपल्या हातानं ढकलून बघितलं. मग बायकोला म्हणाला, "तू बघ," आणि तिनंही बघितलं.

व्यायामाची खोली तळमजल्यावर होती. भिंतीला आरसे, दोन समांतर दांडे, कोपऱ्यात रबरी चेंडूंचा ढीग. तिथली व्यायाम करून घेणारी मुलगी वयानं लहान आणि आवाजानं मोठी. सगळे तिला ताई म्हणायचे, तिच्या आजोबांच्या वयाचेसुद्धा. तो तिचा लाडका पेशंट झाला. ती "पाच वेळा" म्हणाली की तो दहा वेळा करायचा. दात आवळायचा, कपाळावरून घाम निथळायचा, पण तोंडातून हूं नाही की चूं नाही. दांडे धरून पहिल्यांदा पूर्ण भार देऊन उभा राहिला तेव्हा खोलीतल्या बाकी पेशंटनी टाळ्या वाजवल्या. त्यानं मालकाला करावा तसा सलाम केला. घरी आल्यावर त्यानं आपली हत्यारांची पिशवी माळ्यावरून काढायला लावली आणि थाप्या एकेक करून घासून पुसून ठेवल्या.

बायकोनं पिशवी काढून दिली. त्या वेळी सांगायला हवं होतं, हे तिला कळत होतं. उद्या सांगू, असं ती मनाशी म्हणाली, आणि तो उद्या रोज पुढे सरकत गेला.

एकदा ती कारखान्यातून सुट्टी घेऊन त्याचा डबा घेऊन आली होती. ताई कोन मोजायची पट्टी त्याच्या गुडघ्याला लावून बघत होती.

"शाब्बास! आणखी थोडं, की काटकोन. काटकोन झाला की आपण जिंकलो."

"आणि त्याच्यापुढचं?" त्यानं विचारलं. "त्याच्यापुढचं कधी सुरू करायचं?"

"पुढचं कुठलं?"

"पूर्ण वाकायचं. मला फरशीवर बसायचंय, खुर्चीवर नाही."

ताई पट्टी गुंडाळत होती. तिला बिचारीला काय कल्पना. "अहो मिस्त्री, पुढचं नसतं. तुमच्या केसमध्ये काटकोन म्हणजे शंभर टक्के. बाईंनी सांगितलंय की घरच्यांना, फाइलवर आहे तसं..." आणि ती थांबली, कारण तो तिच्याकडे बघतच नव्हता. तो आरशात बघत होता. आरशात दारात डबा घेऊन उभी असलेली बायको दिसत होती.

तो दांडे धरून उठला आणि दाराकडे निघाला. रिक्षात त्यानं फक्त पत्ता सांगितला. घरी जेवताना त्यानं मीठ मागितलं. तिला वाटत होतं, त्यानं ओरडावं, ताट भिरकावावं. लग्नाच्या इतक्या वर्षांत तो ओरडला होता तेव्हा तिनंही वर तोंड करून उत्तर दिलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी दोघं हसले होते. या वेळी काहीच आलं नाही. दुसऱ्या दिवशी व्यायामाला निघायच्या वेळी तो म्हणाला, "आज नको." त्यानंतर कधी जायचा, कधी नाही. ताईनं पाच म्हटलं की तीन करायचा.

मग गुडघा गरम लागायला लागला.

आधी थोडा लाल झाला. मग टाक्यांच्या जुन्या रेषेतून पाण्यासारखं काही पाझरलं, पँटला डाग पडला. त्यानं तो कोणाला दाखवला नाही. मुलीनं कपडे भिजवताना बघितला. रुग्णालयात नेईपर्यंत ताप भरला होता. पुन्हा उघडलं, धुतलं, पुन्हा उघडलं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. शेवटी हाडांच्या डॉक्टरांनी बायकोला बोलावलं आणि सांगितलं की बसवलेले पट्टे भिजलेल्या सुतळीसारखे झालेत, हाताला लागताच तुटतात. स्क्रू काढावे लागतील. सगळंच काढावं लागेल.

"त्यांनी व्यायाम सोडला म्हणून झालं का?" तिनं विचारलं.

"नाही. त्याचा काही संबंध नाही. कातडीखाली रक्तच पुरेसं नव्हतं, जंतू शिरले."

"पण मन लावून केला असता तर?"

"तरीही झालं असतं."

तिनं दाराशी जाऊन वळून तिसऱ्यांदा तेच विचारलं. बाई उठून तिच्याजवळ आल्या आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

या वेळी डॉक्टरांनी त्याला स्वतःला, समोर बसून, सगळं सांगितलं. गुडघा सरळ ठेवून मांडीचं आणि नडगीचं हाड एकमेकांत जोडायचं. दुखणं थांबेल, पू थांबेल, पाय पक्का होईल. वाकणार मात्र कधीच नाही. तो पडल्या पडल्या छताकडे बघत ऐकत होता.

"सांधा भरून टाका बाई," तो म्हणाला. "आम्ही रोज भरतो."

ते ऑपरेशन मात्र यशस्वी झालं. हाडं जुळली. नातेवाईक म्हणाले, आता स्वतःच्या पायावर उभा तरी राहील. आणि खरंच, उभं राहण्यात त्याला काही अडचण नव्हती. बाकी सगळ्यात होती. बसमध्ये पाय पुढच्या सीटखाली जायचा नाही, वाटेत आडवा यायचा, चढणारे-उतरणारे अडखळायचे. टेबलाशी बसायचं तर तिरकं. घराच्या बाहेरच्या खोलीत तो खुर्चीत बसला की पाय फळीसारखा समोर, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं त्याला वळसा घालायचा. दोरी काढलेला डावा पाय आता दोघांचं ओझं वाहत होता. संध्याकाळी तो थरथरायचा. आणि उजव्या पावलापर्यंत त्याचा हात पोचायचा नाही. मोजा आणि बूट दुसऱ्या कोणाला तरी घालावा लागायचा. सकाळी कारखान्यात निघण्याआधी बायको खाली बसायची, त्याचं पाऊल मांडीवर घ्यायची आणि मोजा चढवायची. तो तेवढा वेळ खिडकीतून बाहेर बघायचा.

धाकटा भाऊ आता एकटा कामं घेत होता. तो एक दिवस आला आणि म्हणाला, "दादा, दातांच्या दवाखान्याचं काम मिळालंय. तू नुसता ये. उभा राहा. तुझी नजर असली की मला धीर येतो."

"तुला कशाला हवीय माझी नजर?"

"चल ना. घरात बसून काय करणार आहेस?"

तो गेला. काठी घेऊन, जुन्या कामाचे कपडे घालून. भावाच्या हाताखाली दोन नवी माणसं होती. सकाळभर तो भिंतीला टेकून उभा राहिला. भाऊ काम नीट करत होता. सांधे सरळ, आवाज भरीव, कापलेले तुकडे दाराच्या चौकटीला अगदी बेतलेले. काही सांगावं असं काही नव्हतंच. दोन-तीनदा भाऊ उगाच मान वर करून विचारायचा, "बरोबर आहे ना, दादा?" तो म्हणायचा, "बरोबर आहे." फरशा उचलून आणणारा माणूस दर खेपेला म्हणायचा, "जरा सरका, काका." तो सरकायचा. मग त्या माणसाला परतायला वाट लागायची, की पुन्हा सरकायचा.

जेवायला सगळे जमिनीवर गोल करून बसले. त्याच्यासाठी बादली उपडी घातली. तो बादलीवर, बाकीचे त्याच्या पायांशी, आणि त्याचा उजवा पाय त्या गोलाच्या मधोमध. कोणीतरी डबा त्याच्यावरून पलीकडे दिला. भाऊ विनोद सांगायला लागला, बेडूक असं नाव का पडलं त्याचा. नवी माणसं हसली. त्यालाही हसू आलं, पण ते गालापर्यंतच राहिलं.

जेवण झाल्यावर भाऊ माल मागवायला खाली गेला. बाकीचे हात धुवायला. खोलीत कोणी नव्हतं. शेवटच्या रांगेत चार फरशा बसवायच्या राहिल्या होत्या, माल पसरलेला होता, तो वाळत चालला होता. त्यानं काठी भिंतीला टेकवली. खिडकीची चौकट धरली, उजवा पाय बाजूला लांब केला आणि डाव्यावर हळूहळू खाली जायला लागला. अर्ध्या वाटेपर्यंत डाव्यानं साथ दिली. मग मांडीच्या मागे, जिथून दोऱ्या काढल्या होत्या तिथे, काहीतरी सुटल्यासारखं झालं. चौकट हातातून निसटली आणि तो सकाळी बसवलेल्या फरशांवर कुशीवर पडला. फरशा सरकल्या. ओला माल सांध्यांतून वर आला.

त्यानं उठायचा प्रयत्न केला. सरळ पायाच्या माणसाला जमिनीवरून उठताना काहीतरी धरायला लागतं, आणि हाताला लागेल असं तिथे काही नव्हतं. तो खिडकीकडे सरकायला लागला, तशा आणखी फरशा सरकल्या. मग तो हलायचा थांबला. सगळे परत आले तेव्हा तो डोळे मिटून पडला होता. नवा माणूस ओरडला, "अहो, ते काका पडले!" भावानं काखेत हात घालून उचललं, दुसऱ्यानं पाय धरला, आणि बादलीवर बसवला. भावानं त्याच्याकडे पाठ केली, गुडघे टेकले, आणि हललेल्या फरशा एकेक करून उचलून पुन्हा बसवायला लागला. पाठीवरून कळत होतं की तो रडतोय.

संध्याकाळी घरी बायकोनं त्याच्या शर्टावरचा वाळलेला माल बघितला. भावजींनी फोनवर सांगितलंच होतं. मुलगी शेजारी अभ्यासाला गेली होती.

"फार लागलं का?" तिनं विचारलं.

"नाही."

ती शर्ट घेऊन आत जायला निघाली तेव्हा तो म्हणाला, "आमच्या वॉर्डात तो ड्रायव्हर होता, आठवतो? मांडीतून पाय कापलेला. मागच्या वेळी तपासणीला भेटला होता. नकली पाय बसवलाय. बसताना कुठेतरी एक खटका दाबतो, की गुडघा वाकतो. त्याचा वाकतो." तो डावी मांडी चोळत होता. "माझा पण त्या दिवशीच कापला असता तर बरं झालं असतं. एवढं सगळं झालं नसतं. डावा तरी धड राहिला असता. डॉक्टरांना सुचलं कसं नाही?"

ती शर्ट हातात घेऊन उभी राहिली. गप्प बसता आलं असतं. भावजी कधी बोलणार नव्हते. पण 'वेळ लागेल' या बाकावरच्या एका वाक्यापासून ती इतकी थकली होती की आणखी एक गोष्ट पोटात ठेवायला जागाच उरली नव्हती.

"सुचलं होतं," ती म्हणाली. "त्यांनी विचारलं होतं मला. मी नाही म्हणाले."

बाहेर कोणीतरी कोणाला तरी हाक मारत होतं.

"तुम्ही शुद्धीत नव्हता," ती म्हणाली. "मला वाटलं, पाय राहिला तर सगळं राहील."

"आणि नंतर? त्या बाकावर?"

"नंतर तुम्ही इतक्या दिवसांनी काहीतरी विचारलं होतं. मला नाही म्हणवलं नाही."

"खरं सांगितलं असतंस तर मी ते दुसरं ऑपरेशन करू दिलं नसतं. डाव्याला हात लावू दिला नसता."

"माहीत आहे."

"माझा पाय होता," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "दोन्ही वेळा. माझा होता, आणि मला कोणी विचारलं नाही."

तिच्याकडे उत्तर होतं. तिला सांगायचं होतं की त्या दिवसांत ती झोपत नव्हती, की बाकावर त्याचा चेहरा कसा दिसत होता, की ज्याला असं ठरवावं लागतं त्यालाच ते कळतं. पण हे सगळं खरं असूनही त्याच्या वाक्यापुढे ते टिकत नव्हतं. तिनं शर्ट भिजत घातला.

सकाळी ती नेहमीसारखी मोजा घेऊन खाली बसली. त्यानं पाऊल पुढे केलं नाही. पाय समोरच होता, कुठे जाणार होता, पण त्यानं हातानं खुर्ची थोडी फिरवली, तेवढा तो तिच्यापासून बाजूला गेला. ती तशीच बसून राहिली. मुलगी दप्तर भरत होती. तिनं दोघांकडे बघितलं, दप्तर खाली ठेवलं, आईच्या हातातून मोजा घेतला, बाबाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसली आणि चढवायला लागली. उलटा चढला. तिनं काढून पुन्हा नीट घातला, बुटाची नाडी बांधली.

"घट्ट झाली का, बाबा?"

"नाही. बरोबर आहे."

त्या दिवसापासून ते काम मुलगीच करते. तो तिच्याशी बोलतो, शाळेचं विचारतो. बायकोलाही जेवढ्यास तेवढं बोलतो: पाणी, औषध, भावाचा फोन आला होता. ती रोज सकाळी डबा भरते, पर्स घेते, आणि दारात थोडी थांबते. आतून बाप-लेकीचं बोलणं ऐकू येतं. मग तिला उशीर होतो आणि ती निघते.